नखाएवढी चीर आणि हातगुण

चांगल्या डॉक्टरबद्दल बोलताना मराठी माणसाच्या तोंडी एक शब्द हमखास येतो, ‘हातगुण’. उर्दूत त्यालाच ‘दस्त-ए-शिफा’ म्हणतात, म्हणजे बरं करणारा हात. गावातल्या दवाखान्यात एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक म्हणतो, ‘त्यांच्या हाताला गुण आहे,’ आणि दुसरा म्हणतो, ‘उनके हाथ में शिफा है.’ भाषा दोन, विश्वास एकच.

शल्यचिकित्सकासाठीही या दोन्ही भाषांत बोलके शब्द आहेत. मराठीतल्या शस्त्रक्रियेत शस्त्र आहे. उर्दूत शल्यचिकित्सकाला ‘जर्राह’ म्हणतात आणि हा शब्द जखम करणे या अर्थाच्या अरबी धातूवरून आला आहे. बरं करणाऱ्याच्या नावातच जखम! हजारो वर्षं हे खरंही होतं. आतला रोग काढायचा तर आधी बाहेरून जखम करावी लागे आणि ती भरून येईपर्यंतचा काळ रोग्याच्या वाट्याला येई. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने नेमकी ही जखम कमी केली. या प्रवासातला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत गाठला गेला. तोही एखाद्या पंचतारांकित रुग्णालयात नव्हे, तर भेंडी बाजार आणि नागपाड्याच्या शेजारी, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात.

कोर्डोबाचा जर्राह

दहाव्या शतकात स्पेनमधल्या कोर्डोबाजवळच्या मदीनत-अल-जहरा या नगरीत अबुल कासिम अल-जहरावी हा हकीम राहत होता. इ. स. ९३६ ते १०१३ हा त्याचा काळ. ‘अत-तसरीफ’ या त्याच्या ग्रंथाचे तीस भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. चाकू, चिमटे, आकडे, सुया, दात काढायचे सांडस, सगळं रेखाटून कशासाठी काय वापरायचं ते लिहिलं आहे. शरीरात आपोआप विरघळणारा, जनावराच्या आतड्यापासून केलेला धागा टाक्यांसाठी वापरण्याची नोंदही त्याच्याकडे सापडते. बाराव्या शतकात टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने या भागाचं लॅटिन भाषांतर केलं आणि पुढची काही शतकं युरोपातले वैद्य त्यावरून शिकले.

पोट मात्र तेव्हा फारसं कुणी उघडत नसे. भूल देण्याची पक्की सोय नव्हती आणि जंतुसंसर्गाचं कारण ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही गोष्टी हाती आल्या आणि पोटाची दारं उघडली. १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढून दाखवलं. पुढची शंभर वर्षं हे ऑपरेशन त्याच मार्गाने होत राहिलं. उजव्या बरगडीखाली वीतभर चीर, पोटाचे स्नायू कापून आत हात घालायचा आणि खड्यांनी भरलेली पिशवी बाहेर काढायची.

दुर्बिणीची गोष्ट दुसरीकडे हळूहळू चालू होती. १८०६ मध्ये फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी यांनी मेणबत्तीच्या उजेडावर शरीराच्या पोकळीत डोकावण्याचं साधन केलं. १९०१ मध्ये जर्मनीतल्या गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आत पाहिलं. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स याकोबेउस यांनी माणसाच्या पोटाची अशी तपासणी केल्याचं जाहीर केलं. पण पुढे कित्येक दशकं दुर्बीण फक्त पाहण्यासाठी होती. कापण्याचं काम तिच्याकडे नव्हतं.

ते धाडस आधी स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलं. जर्मनीत कील शहरातल्या कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं आणि सर्जन मंडळींची नाराजी ओढवून घेतली. १९८५ मध्ये ब्योब्लिंगेनच्या एरिख म्युहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी हे जर्मन सर्जनांच्या परिषदेत मांडलं तेव्हा कौतुकाऐवजी टिंगल वाट्याला आली. ‘मोठा सर्जन, मोठी चीर’ हे त्या काळचं शहाणपण होतं. भोक पाडून ऑपरेशन करणारा माणूस त्यात बसत नव्हता. त्याच संघटनेने १९९२ मध्ये म्युहे यांचा सन्मान केला. तोवर १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात फिलिप मूरे यांनी हीच शस्त्रक्रिया केली होती आणि तिथून ती वणव्यासारखी पसरली होती.

भायखळ्याची दुर्बीण

जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते सर जमशेटजी जीजीभॉय हे मुंबईचे पारशी व्यापारी. चीनच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि गोरगरिबांच्या रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. १८४५ मध्ये रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. आज रमजानच्या रात्री ज्या मोहम्मद अली रोडवर पाय ठेवायला जागा नसते, तो रस्ता इथून जवळच आहे. या वस्तीतले हमाल, कारागीर, फेरीवाले, मोलकरणी आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून एसटीने आलेले रोगी, सगळे याच दाराशी येतात.

इथे सर्जन म्हणून काम करणारे डॉ. तेहेमटन उदवाडिया हेही पारशी. जन्म १९३४ चा. त्यांच्या आडनावातलं उदवाडा हे गाव पारशी समाजाच्या पवित्र अग्नीचं ठिकाण. १९७२ मध्ये त्यांनी जे. जे. मध्ये पोटाची दुर्बिणीने तपासणी सुरू केली. भारतातल्या सर्जनांसाठी ही गोष्ट नवी होती.

त्या काळी सीटी स्कॅन नव्हता, सोनोग्राफी घरोघरी पोचलेली नव्हती. पोटात पाणी झालेला, वजन उतरलेला, ताप असलेला रोगी आला की प्रश्न पडे, हा क्षयरोग, यकृताचा आजार की कर्करोग? उत्तर शोधायला अनेकदा पोट उघडावं लागे, म्हणजे नुसतं बघण्यासाठी वीतभर चीर. आतून निघे क्षयरोग, जो गोळ्यांनी बरा होणारा. आधीच खंगलेल्या माणसाला वर जखम भरायची शिक्षा. दुर्बिणीने हेच काम बेंबीजवळच्या छोट्या छिद्रातून होऊ लागलं. आत काय आहे ते डोळ्यांनी दिसे, तपासणीसाठी तुकडा घेता येई आणि रोगी लवकर घरी जाई. महागडी यंत्रं नसलेल्या देशाला ही एक नळी किती उपयोगी पडेल, हे उदवाडिया यांनी ओळखलं होतं.

१९९० मध्ये त्यांनी जे. जे. मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातलीच नव्हे, तर विकसनशील देशांतली ही पहिली अशी शस्त्रक्रिया मानली जाते. १९९३ मध्ये दुर्बिणीतून पोटाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि उदवाडिया तिचे संस्थापक अध्यक्ष झाले. विकसनशील देशांतल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी ग्रंथही लिहिला. २००६ मध्ये पद्मश्री आणि २०१७ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं.

जखमेचा खर्च कोण भरतो?

हे तंत्र श्रीमंतांसाठी आहे, असा समज सुरुवातीला होता आणि अजूनही काही ठिकाणी आहे. कॅमेरा महाग, पडदा महाग, नळ्या परदेशी. पण हिशेब फक्त रुग्णालयाच्या बिलाचा केला तर तो अर्धाच होतो.

भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार दिवसाच्या मजुरीवर जगतो. ऊसतोडणीची मजूर बाई फडात उतरली तरच तिची नोंद होते. भाजी मंडईतल्या हमालाच्या पाठीवर पोतं नसेल तर संध्याकाळी घरात चूल कशी पेटेल? उघड्या शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस रुग्णालयात आणि पुढे चार ते सहा आठवडे जड कामाला बंदी, हा साधारण नेम होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत घरी जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत हलक्या कामाला लागतात. जड ओझं उचलण्याबाबत डॉक्टर सांगतील तेवढा धीर धरावाच लागतो. पगारी रजा असलेल्या साहेबाला महिनाभराची विश्रांती परवडते. ज्याला रजाच नाही, त्याच्यासाठी वाचलेला एकेक दिवस म्हणजे घरात आलेलं पीठ-मीठ. म्हणून छोट्या चिरेची सर्वांत मोठी गरज गरिबालाच आहे.

मोठ्या चिरेचे आणखीही भोग असतात. जखम चिघळते, खोकताना दुखतं म्हणून रोगी नीट श्वास घेत नाही आणि छातीत कफ साठतो, पुढे त्याच जागी हर्निया होऊ शकतो. छोट्या छिद्रांत हे सगळं पुष्कळ कमी होतं.

आत नेमकं काय होतं?

रोग्याला पूर्ण भूल दिली जाते. बेंबीजवळ लहान चीर घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का? कारण तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेवर चालणारी हत्यारं वापरता येतात. शिवाय तो रक्तात विरघळून श्वासावाटे सहज बाहेर पडतो. वायूचा दाब पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर इतकाच ठेवतात. ऑपरेशननंतर एखाद-दोन दिवस खांदा दुखला तर रोगी घाबरतो, पण बहुतेक वेळा ते या वायूमुळेच असतं.

बेंबीतून दहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते. पाच ते दहा मिलिमीटरच्या आणखी तीन छिद्रांतून लांब दांड्याचे चिमटे आणि कात्री जाते. सर्जनची नजर पडद्यावर असते आणि हात रोग्याच्या पोटाबाहेर. हत्याराचा दांडा छिद्रापाशी टेकतो, त्यामुळे हात डावीकडे गेला की आतलं टोक उजवीकडे जातं. बोटांना होणारा स्पर्श जवळजवळ नाहीसा होतो आणि सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं पोटात हात घालून काम केलेल्या नामवंत सर्जनांनाही हे पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं. खोक्यात दुर्बीण बसवून चिमट्याने वाटाणे इकडचे तिकडे करणं, दोऱ्याच्या गाठी मारणं, असा सराव तासन्‌तास करावा लागतो.

मग हातगुणाचं काय? हात तर आत जातच नाही. इथे गुण दिसतो तो सबुरीत. पित्ताशयाची नळी आणि यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनळी अगदी जवळ असतात. सूज असेल तर एकीला दुसरी समजण्याची चूक होऊ शकते. मुख्य नळीला इजा होण्याचं प्रमाण थोडं, हजारात काही रोगी एवढंच असलं, तरी ज्याला होते त्याचं आयुष्य विस्कटतं. म्हणून अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक शिस्त घालून दिली. पित्ताशयाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी स्वच्छ, निर्विवाद दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही. दिसलं नाही तर थांबायचं, गरज वाटली तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचं. नातेवाईकांना ते अपयश वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी सर्जनने आपल्या नावापेक्षा रोग्याचा जीव मोठा मानलेला असतो.

‘पित्त’ आणि पित्ताचे खडे

आपल्याकडे एक गोंधळ जुना आहे. घशाशी आंबट आलं की ‘पित्त झालं’ म्हणतात. त्यामुळे पित्ताशयातल्या खड्यांची कळ आली तरी माणूस जिरं-ओवा, सोडा, थंड दूध यांवर महिने काढतो. दुसरा गोंधळ मुतखड्याचा. लहान मुतखडा पाणी भरपूर प्यायल्याने लघवीवाटे निघून जाऊ शकतो, म्हणून पित्ताचा खडाही तसाच पडेल अशी आशा लोक धरतात. पण तो निसटून पित्तनळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते आणि जिवावर बेतू शकतं.

यकृत पित्तरस तयार करतं, पित्ताशय तो साठवतं. पोटात तेल-तूप गेलं की ही पिशवी आवळते आणि रस आतड्यात सोडते. पिशवीत खडे असतील तर याच वेळी कळ उठते. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात, कधी पाठीत, कधी उजव्या खांद्यापर्यंत. रमजानमध्ये हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. दिवसभर पिशवी भरून शांत बसलेली असते आणि मगरिबच्या अजानबरोबर तिच्यावर समोसे, भजी, कबाब यांचा एकदम मारा होतो. एकादशीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा वडे खाणाऱ्यांची गतही तीच. ज्याच्या पिशवीत खडे नाहीत त्याला एरवी भीती नाही. ज्याला आहेत त्याने खजूर, फळं, साधी खिचडी यांवर इफ्तार करावा आणि रोज्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुराणातच दिलेली आहे. ती नाकारून दुखणं अंगावर काढण्यात पुण्य नाही.

प्रत्येक खडा काढावाच लागतो असंही नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि त्रास काहीच नसेल, तर बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. वारंवार कळ येत असेल तर मात्र ऑपरेशन टाळून उपयोग नसतो. दरवर्षी अनेक जण ‘ईदनंतर बघू’, ‘दिवाळी होऊ द्या’, ‘ऊसाचा हंगाम उरकू द्या’ म्हणत तारीख लांबवतात. ठरवून करायचं ऑपरेशन डॉक्टरांच्या संमतीने पुढे नेता येतं. पण थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, न थांबणारी उलटी किंवा तासन्‌तास न सुटणारी कळ, यांतलं काहीही दिसलं तर सणाची वाट बघू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. अशी किती ऑपरेशनं तुम्ही केली आहेत? पोट उघडण्याची वेळ आली तर इथे सगळी तयारी आहे का? एकूण खर्च किती, आणि सरकारी योजनेत किंवा सरकारी रुग्णालयात हे होईल का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. पित्ताशय काढल्यावर पचन कसं होणार, ही भीतीही विचारून टाकावी. पित्तरस यकृतात तयार होतच राहतो, फक्त साठवणारी पिशवी नसते. थोड्या दिवसांत बहुतेकांचं जेवण पूर्ववत होतं.

तालुक्याच्या गावात आता दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. उदवाडिया यांच्या पिढीने सुरू केलेलं काम तिथवर पोचलं आहे. पाटीच्या मागे शिकलेला हात, जाणता भूलतज्ज्ञ आणि सांभाळलेली यंत्रसामग्री हे तिन्ही आहे की नाही, हे मात्र अजून गावोगावी सारखं नाही. शहरातल्या माणसाला आठवड्यात कामावर परतवणारी नखाएवढी चीर ऊसतोड मजूर बाईला आणि मागावरच्या कामगाराला त्यांच्याच जिल्ह्यात, त्यांना परवडेल अशा दरात मिळायला हवी. जे. जे. च्या दाराशी ज्यांच्यासाठी ही दुर्बीण आली, तेच लोक अजून रांगेत उभे आहेत.